पापणी उचलण्याआधी

गेल्या अंकात पडलेल्या पापणीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतली चार या वेळी घेते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. निफाडच्या ताईंच्या पत्राला सर्वांत जास्त जागा जाईल. त्यांच्या सासऱ्यांना पापणी उचलायच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली आहे, आणि हे ऑपरेशन घाईत झालं तर निस्तरणं फार अवघड जातं. उत्तर मी त्यांना पोस्टाने आधीच पाठवलंय. इथे छापते आहे ते अशाच उंबऱ्यावर उभ्या असलेल्या इतर घरांसाठी.

प्रश्न : आमच्या नानांचं (माझ्या सासऱ्यांचं) वय ६१. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. दहा-बारा वर्षांपासून दोन्ही पापण्या हळूहळू खाली येत आहेत, आता डोळे अर्धेच उघडतात. मांडवाखाली घड बघायचा तर मान पूर्ण मागे टाकतात, तरी वरचा घड दिसत नाही, हाताने चाचपतात. हाक मारली तर डोळे वळत नाहीत, अख्खी मान वळते. एकाचे दोन दिसत नाहीत. लग्नाकार्यात लोक म्हणतात, नाना दुपारीच घेऊन आले. नानांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आता ते कुठे जायचंच टाळतात. एका डॉक्टरांनी पापणी उचलायचं ऑपरेशन सांगितलंय, म्हणाले दोन दिवसांत घरी. येवल्याच्या आत्याबाईंच्या (नानांच्या थोरल्या बहिणीच्या) पापण्याही अशाच आहेत. ऑपरेशन करावं का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, आधी तारीख पुढे ढकला. ऑपरेशन नकोच असं म्हणत नाही, नानांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण तुमच्या पत्रात पापणीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही स्वतःच लिहिलीत : हाक मारली तर डोळे वळत नाहीत. म्हणजे नुसती पापणी पडलेली नाही, बुबुळ हलवणारे स्नायूही थकलेत. हे तपासल्याशिवाय पापणीला हात लावू नये.

का, ते माझ्याच हातून झालेल्या चुकीवरून सांगते. वीसेक वर्षांपूर्वी पेठच्या बाजूची एक बाई माझ्याकडे आली. चाळिशीची, मजुरीला जाणारी. दोन्ही पापण्या इतक्या पडलेल्या की हनुवटी वर करून चालायची आणि कपाळाला सतत आठ्या. मी दोन्ही पापण्या कपाळाच्या स्नायूला टाके घालून वर बांधल्या. टाके काढायच्या दिवशी ती आरशात बघून रडली आणि मला फार समाधान वाटलं. तीन आठवड्यांनी तिचा नवरा तिला घेऊन आला. उजवा डोळा लालभडक, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही. बुबुळावरच्या काचेला जखम झाली होती.

झालं होतं असं. निरोगी माणूस डोळे मिटतो तेव्हा बुबुळ आपोआप वर, पापणीच्या आडोशाला जातं. चार्ल्स बेल या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. त्यामुळे झोपेत पापणीला थोडी फट राहिली तरी फटीतून पांढरा भागच उघडा राहतो, काच सुरक्षित असते. तिचं बुबुळ वर जातच नव्हतं. मी पापण्या उचलल्या, त्या रात्री पूर्ण मिटेनात, आणि बुबुळ फटीच्या बरोबर मध्ये उघडं. रोज रात्री सहा-सात तास ते कोरडं पडत होतं. टाके सोडून पापणी पुन्हा खाली आणली. डोळा वाचला, पण मधोमध फूल पडलं ते कायमचं. ऑपरेशनआधी तिला नुसतं ‘वर बघा’ म्हटलं असतं तरी मला कळलं असतं. पापण्यांचे फोटो काढले, मोजमापं घेतली, पण बुबुळ हलतं का ते पाहिलं नाही. तेव्हापासून पापणीचा पेशंट आला की पापणीला मी सर्वांत शेवटी हात लावते.

आता नानांचं. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. तुमच्या बागेच्या मांडवाला चारी बाजूंनी ताणाच्या तारा असतात ना, तसं समजा. एकाच बाजूचा ताण सुटला तर मांडव एकीकडे झुकतो. डोळ्यांचं तसं झालं तर दोघांची दिशा चुकते आणि एकाचे दोन दिसतात. सगळेच ताण वर्षानुवर्षं सारखेच ढिले पडत गेले तर मांडव झुकत नाही, जागच्या जागी बसतो. नानांना दोन-दोन दिसत नाहीत ते यामुळे. दोन्ही डोळे सारखेच मंदावलेत. म्हणूनच अशा घरांत आजार फार उशिरा लक्षात येतो. दुखत नाही, चष्म्याचा नंबर वाढत नाही, मान डोळ्यांचं काम करू लागते आणि सगळे म्हणतात, वय झालं.

इतक्या सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखं येणारं दुखणं बहुधा स्नायूचं असतं. त्यात दोन आजार मनात येतात.

पहिल्या आजारात पेशीतली वीजघरं बिघडतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. डोळ्यांचे स्नायू जागेपणी क्षणभरही स्वस्थ नसतात, त्यांना शक्ती फार लागते आणि त्यांच्यात ही वीजघरं ठासून भरलेली असतात. बिघाडाची झळ म्हणून तिथेच आधी लागते. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो. अशा पेशंटच्या स्नायूंत त्या डीएनएचा एक मोठा तुकडाच गळालेला असतो, हे १९८८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं. हा आजार बरेचदा तरुणपणीच सुरू होतो, आधी पापणी, मग बुबुळ. बहुतेकांच्या घरात दुसरं कुणी नसतं. पण एक प्रकार आई-वडिलांकडून मुलांत उतरतो.

दुसरा आजार डोळे आणि घसा या दोघांना धरतो, आणि तो पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर येतो. १९१५ मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं वर्णन झालं, कारण सापडलं १९९८ मध्ये. गुणसूत्र १४ वरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा एरवी १० वेळा येतो, या लोकांत तो त्याहून जास्त वेळा, अगदी १८ वेळांपर्यंत येतो. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फ्रेंच वंशाच्या घरांत आणि मूळच्या बुखाराच्या ज्यू घरांत हा जास्त आढळतो, पण त्यांच्यापुरता मर्यादित नाही. यात पापणी आणि गिळणं जास्त बिघडतं, बुबुळ त्या मानाने कमी अडकतं.

नाना नेमके कुठल्या बाजूचे, ते पत्रावरून ठरवता येणार नाही. त्यांचे डोळे बरेच अडकलेत म्हणून पहिल्याकडे मन जातं, वय आणि येवल्याच्या आत्याबाई बघितल्या की दुसऱ्याकडे. म्हणून घरच्या घरी काही गोष्टी बघा.

त्यांचा लग्नाचा फोटो काढा आणि खिडकीशी नेऊन नीट बघा. नवरदेवाची पापणी बुबुळाच्या कुठपर्यंत आली आहे? मी प्रत्येक पेशंटला जुने फोटो आणायला सांगते. ‘दहा वर्षांपासून’ म्हणणाऱ्या माणसाची पापणी पंचविसाव्या वर्षीच उतरलेली असते आणि घरात कुणी पाहिलेलं नसतं, असं कितीदा झालंय. आत्याबाईंचाही जुना फोटो मागवा.

मग जेवताना त्यांच्यासमोर बसा. भाकरी दुधात कुस्करून खायला लागलेत का? सगळ्यांचं झालं तरी त्यांचं ताट तसंच असतं का? चहाच्या पहिल्या घोटाला ठसका? जेवणानंतर आवाज घोगरा, ओला वाटतो का? ‘गिळायला त्रास होतो का’ असं विचारलंत तर ते नाहीच म्हणतील. माणूस नकळत खाणं बदलतो आणि बदललं हे त्याच्या ध्यानातही येत नाही. दवाखान्यात आम्ही ८० मिलिलिटर बर्फाचं पाणी प्यायला देऊन घड्याळ लावतो. सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर घसा तपासायला पाठवतो. हे घरी करू नका, ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

तिसरं, नानांना मान स्थिर ठेवून बसवा, समोर पेन धरा, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली हळूहळू न्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. रात्री ते गाढ झोपले की लांबून मंद उजेडात बघा, पापण्यांत फट राहते का, फटीत पांढरं दिसतं की काळं. काळं दिसलं तर ते मला माझ्या त्या पेशंटइतकंच काळजीचं वाटेल.

हे सगळं घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आणि जायच्या आधी ईसीजी काढा. पापणीसाठी ईसीजी कशाला असं कुणी म्हटलं तरी काढा. वीजघरांच्या आजारात हृदयाचे ठोके नेणारी वाट अडू शकते, माणूस चक्कर येऊन पडतो, क्वचित जीवही जातो. १९५८ मध्ये अमेरिकेत कर्न्स आणि सेयर या दोन डॉक्टरांनी याचंच एक रूप नोंदवलं : विशीच्या आत सुरू होणारा आजार, अडकलेले डोळे, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे डाग आणि हृदयाच्या वाटेत अडथळा. नानांच्या वयात हा धोका त्या पोरांइतका नसतो. पण अडथळा वेळेत सापडला तर पेसमेकर बसवता येतो, म्हणून निदान होईपर्यंत आणि वीजघरांचाच आजार निघाला तर त्यानंतरही दरवर्षी ईसीजी हवा.

तपासण्यांत एक खाचखळगा आहे. दुसऱ्या आजाराला रक्त पुरतं, पण तो तुकडा किती वेळा आला ते मोजायची वेगळी चाचणी मागून घ्यावी लागते, सरसकट जनुकचाचणीत तो निसटू शकतो. पहिल्यात मोठ्या माणसाच्या रक्तात बरेचदा काहीच सापडत नाही. मांडीच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा काढावा लागतो. विशेष रंग दिला की त्यात कडा फाटल्यासारखे लाल धागे दिसतात. रक्त चांगलं आलं म्हणून आजार नाही असं समजू नका.

औषधाचं खरं ते सांगते. या दोन्हींचा मूळ दोष भरून काढणारी गोळी आज नाही. कोएन्झाइम क्यू-टेन बऱ्याच जणांना दिलं जातं, पण त्याने पापणी वर आलेली मी पाहिलेली नाही. महिन्याचा खर्च परवडत नसेल तर ते घेतलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

एवढं झाल्यावर ऑपरेशनचं बघू. अशा डोळ्याची पापणी सुंदर दिसण्यासाठी उचलत नाहीत. बाहुली उघडी पडेल आणि समोरचं दिसेल इतकीच, मिलिमीटर मोजून. पुढे खाली आणता येईल अशी सिलिकॉनची दोरी वापरतात. आधी सर्जनना विचारा : बुबुळ वर जातं का? डोळा पूर्ण मिटतो का? या प्रश्नांवर कुणी चिडलं तर दुसरीकडे दाखवा. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्नायूच्या आजाराची शंका आहे हे तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगा.

ऑपरेशन नको ठरलं तरी रिकाम्या हाताने बसायचं नाही. चष्म्याच्या फ्रेमला आतून बारीक वाकडी तार बसवून पापणी तिच्यावर टेकवता येते. मेन रोडवरच्या एका जुन्या चष्मेवाल्यांकडून मी अशा कितीतरी करून घेतल्या. पहिले आठ दिवस टोचतं, मग सवय होते. त्यावर डोळ्याची उघडझाप कमी होते, म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम. बागेत फवारणी असेल त्या दिवशी बाजूने बंद असलेला गॉगल, त्यात सूट नाही. आणि मोटारसायकल बंद. आरशात बघायला त्यांना मान वळवावी लागते, तेवढ्यात समोरचा रस्ता सुटतो. ओझर ते पिंपळगाव हायवेवर ट्रकच्या शेजारून त्यांनी जाऊ नये. मांडवाखालचं विरळणीचं काम दुसऱ्यावर सोपवा. भाव ठरवणं, हिशेब, मजुरांचं बघणं त्यांच्याकडेच राहू द्या.

घरात हा आजार वारशाने आलेला निघाला तर बहुतेक अशा घरांत प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, अर्धी शक्यता असते. तुमच्या यजमानांना आज काही त्रास नसेल तर चाचणीची घाई करू नका. करायची की नाही, ते त्यांनी शांतपणे ठरवायचं. आत्याबाईंना मात्र लगेच दाखवा, त्यांच्या गिळण्याकडे कुणाचं लक्ष आहे का ते मला पत्रातून कळलं नाही.

आणि लग्नात जे बोललं जातं त्याबद्दल. मला त्याचा फार राग आला. पुढच्या कार्याला नानांना घेऊन जा आणि कुणी काही बोलायच्या आधीच चारचौघांत तुम्ही सांगा, नानांच्या डोळ्यांच्या स्नायूंचा आजार आहे, त्यांना कळतं सगळं, दिसतंही, फक्त पापणी उचलत नाही. ते स्वतः सांगणार नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, कॉलेजात शिकवते. सकाळी डोळे छान असतात. दुपारी पेपर तपासायला बसले की डावी पापणी उतरते आणि ओळीवर ओळ दिसते. परवा स्कूटरवरून येताना द्वारका चौकात एका बसच्या दोन बस दिसल्या. डॉक्टरांनी मायस्थेनिया सांगितलंय. इंटरनेटवर स्नायू झिजण्याचं वाचलं आणि झोप उडाली. माझेही डोळे असेच अडकणार का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही. तुमचा स्नायू झिजत नाहीये, त्याला निरोप पोचत नाहीये. नसेकडून स्नायूकडे हुकूम जातो तो एका रसायनाच्या हातून. ते रसायन घेणाऱ्या स्नायूवरच्या जागा तुमच्याच शरीरातल्या प्रतिद्रव्यांनी अडवल्यात. सकाळी विश्रांतीनंतर निरोप पोचतो, वापर वाढला की पुरा पडत नाही. वरच्या पत्रातले नाना सकाळ-संध्याकाळ सारखेच असतात, तुमची पापणी घड्याळाप्रमाणे बदलते. हा फरक सर्वांत मोठा, आणि तो तुमच्या बाजूचा आहे, कारण याला औषध आहे.

आमच्याकडे याची एक साधी तपासणी आहे. रुमालात गुंडाळलेला बर्फ मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरायचा. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर मायस्थेनियाची शंका बळावते. थंडीत निरोपाची देवाणघेवाण सुधारते. उलट नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तुम्हाला जास्त त्रास होईल, तेव्हा दुपारचे तास बदलून सकाळचे घेता येतात का बघा.

रक्तातली प्रतिद्रव्यांची चाचणी निगेटिव्ह आली तरी खचू नका. आजार फक्त डोळ्यांपुरता असतो तेव्हा जवळपास निम्म्या लोकांत ती निगेटिव्हच येते. छातीचा सीटी स्कॅन मात्र चुकवू नका. थायमस नावाच्या ग्रंथीत काही जणांना गाठ असते, ती काढावी लागते. औषध म्हणजे पायरिडोस्टिग्मिनची गोळी आणि लागलं तर स्टेरॉइड, त्यांचं प्रमाण मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील. तुमची गोळी दुसऱ्या कुणाच्या प्रमाणात घेऊ नका आणि बरं वाटलं म्हणून अचानक बंद करू नका.

पर्समध्ये एक कार्ड ठेवा : ‘मला मायस्थेनिया आहे.’ काही औषधांनी हा आजार भडकतो. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मॅग्नेशियमचं इंजेक्शन. साध्या तापाला कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी कार्ड आधी दाखवा.

दोन-दोन दिसतं तेव्हा एका काचेवर आतून पांढरी चिकटपट्टी लावा, लगेच एक दिसेल. पेपर तपासता येतील. स्कूटर काही महिने भावाला द्या.

अनेकांत हा आजार पुढे डोळ्यांबाहेर पसरतो, आणि पसरायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. आवाज नाकातून येऊ लागला, घास गिळवेना, आडवं झाल्यावर श्वास पुरेना, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये.

प्रश्न : पापणी पडली म्हणजे स्नायूचाच आजार का? कसं ओळखायचं? डोळ्यांचे व्यायाम आणि तुपाचा उपयोग होईल का?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : वेग बघा. वर्षांनुवर्षं हळूहळू, दोन्हीकडे आली ती बहुधा स्नायूची. एका दिवसात आली तर ती वेगळीच गोष्ट आहे. एकाच डोळ्याची पापणी अचानक पडली, डोकं कधी नव्हे इतकं दुखतंय आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. ताबडतोब मोठं हॉस्पिटल. मधुमेहातही अशी पापणी पडते. तेव्हा बाहुली बहुधा नेहमीसारखी असते आणि साधारण तीन महिन्यांत डोळा सुधारतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

तुम्ही दिंडोरीचे, म्हणून हे जास्त मनापासून लिहिते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि उजाडताना त्याच्या दोन्ही पापण्या पडल्या, एकाचे दोन दिसू लागले, तर मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीचा चावा दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही. पापण्यांनंतर घसा आणि मग श्वास जातो. मंत्राने विष उतरवण्यात एक मिनिटही घालवू नका. सर्पदंशावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय जिथे आहे तिथे गाडी काढा.

व्यायामाने झिजलेला स्नायू परत येत नाही. तुपानेही नाही. जवळ बघताना डोळे आत वळत नाहीत असा एक साधा त्रास असतो, त्याला व्यायाम खरोखर लागू पडतो, म्हणून ही समजूत पसरली असावी.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मागच्या वर्षीपासून चालणं बंद झालं, व्हीलचेअरवर असतो. मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, तेवढाच त्याचा विरंगुळा. स्नायूंच्या आजारात डोळेही हलेनासे होतात असं वाचलं. डॉक्टर, आता त्याचे डोळेही जाणार का? हे मी त्याच्यासमोर कुणाला विचारू शकले नाही.
— एक आई, सातपूर

उत्तर : नाही, ताई. डुशेनमध्ये डोळे हलवणारे स्नायू वाचतात. हात-पाय, पाठ, श्वासाचे स्नायू, हृदय या सगळ्यांना धरणारा आजार डोळ्यांच्या स्नायूंना सोडून देतो. डॉक्टरांनाही याचं नवल आहे. या स्नायूंचे धागे बारीक असतात, कॅल्शियमचा भार त्यांना जास्त पेलतो, आणि डुशेनमध्ये नसलेल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाची जागा भरून काढणारं जुळं प्रथिन त्यांच्यात टिकून असतं, अशी कारणं संशोधक देतात. तुम्ही वाचलंत ते वेगळ्या आजारांबद्दल होतं. नावं सारखी वाटतात, म्हणून असं होतं.

माझ्याकडे बावीस वर्षांचा एक मुलगा यायचा, हाच आजार. दोन बोटं तेवढी हलायची. मी टॉर्च घेऊन ‘इकडे बघ’ म्हणायच्या आत त्याची नजर तिथे पोचलेली असायची. भिंतीवरचा तक्ता मी विचारायच्या आधीच त्याने वाचून ठेवलेला असायचा. तुमच्या मुलाचं बुद्धिबळ त्याच्याजवळच राहील.

दोन गोष्टींकडे लक्ष हवं. तो स्टेरॉइड घेत असणार. त्याने लहान वयातही मोतीबिंदू होतो आणि डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून वर्षातून एकदा डोळे तपासा, सहा महिन्यांनी जमलं तर उत्तमच. उजेडात डोळे दिपतात म्हणाला तर लगेच. पडद्याच्या एका यंत्रचाचणीत या मुलांत थोडा फरक दिसतो. कुणी तो रिपोर्ट दाखवला तर घाबरू नका, त्याने दृष्टी जात नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद झाली की परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. पाचवी-सहावीपासूनच शाळेत अर्ज देऊन ठेवा, दहावीला धावपळ होत नाही.

तपासणीला आणाल तेव्हा आधी फोन करा. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. त्याला उचलून वर आणायची गरज नाही. मी टॉर्च आणि भिंग घेऊन खाली येते. पहिल्या खेपेला त्याच्या खुर्चीजवळ बसून जेवढं बघायचं तेवढं बघून होतं. मोठं मशीन लागलंच तर ज्या दवाखान्यात उतार आहे तिथे मीच वेळ घेऊन देईन, आणि त्या दिवशी सोबत येईन.